गुरू ग्रहाभोवतीचा पट्टा

३ डिसेंबर, अकोला
प्रशांतची तेरवी झाली. माणसं बरीच आली. सगळे एकच विचारत होते, आधी काही त्रास नव्हता काय? नव्हता. सकाळी चहा घेतला आणि गेला. जेवणं आटोपल्यावर मामाजींनी माइक घेतला. "माह्या पोरानं गुरू ग्रहाभोवती कणायचा नवा पट्टा शोधला. सूनबाई संगं होती. आता ते छापून येऊन राहिलं." शेजारचे काका म्हणाले, "अकोल्यात बसून?" मामाजी म्हणाले, "अमरावतीत बसून. अकोल्याले तो फक्त जेवाले ये." लोक हसले. मीही हसले असेन.

५ डिसेंबर, अमरावती
कॉलेज सुरू. स्टाफरूममध्ये कोणी काही बोललं नाही, बरं झालं. जर्नलकडून पेपरचं प्रूफ आलंय. पहिलं नाव प्र.चं, मग माझं. आठवड्यात परत पाठवायचं. आकृती पुसट आहे, पुन्हा काढून मागितली. उद्या.

६ डिसेंबर
आकृती जुळत नाही.
गुरूभोवती फिरणाऱ्या यानावरच्या यंत्राच्या दोन मोजण्या. उघड्या खिडकीतून आयन येतात, सोबत घुसखोर इलेक्ट्रॉनही. बंद खिडकीत फक्त कवच भेदून घुसणारे इलेक्ट्रॉन. पहिलीतून दुसरी वजा केली की खरे आयन उरतात. प्र.च्या फाइली घेतल्या तर पट्टा दिसतो. मूळ डेटा नव्याने उतरवून घेतला तर सपाट. काही उरत नाही.
माझंच काही चुकलं असेल.

७ डिसेंबर
माझं चुकलं नाही. बंद खिडकीची फाइल भारतीय वेळेत आहे, उघडीची जागतिक वेळेत. वजाबाकी साडेपाच तास सरकलेली. पट्टा नाहीच.
वेळ का बदलली तेही माहीत आहे. दर फेरीला मामाजी फोन करायचे, "आज कितीले जाते रे तुह्यं यान गुरूजवळ? आपल्या घड्याळानं सांग." प्र. त्यांच्यासाठी वेगळा आलेख काढायचा. त्यातलीच फाइल इकडे...
तास घेतला. काय शिकवलं आठवत नाही.

९ डिसेंबर
मामाजींचा फोन. पेपर केव्हा येते, फ्रेम कराचा आहे.
सांगितलं. पट्टा नाही, दोन फाइलींच्या वेळा वेगळ्या होत्या. पुढचं मी बोलले नाही.
 मामाजी म्हणाले, "एक आपल्या घड्याळाची होती काय?"
मी हो म्हणाले.
"ते माह्यासाठी काढे तो."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"मंग आता काय करतं तू?"
"माहीत नाही, मामाजी."
"लोकायले सांगून बसलो मी." फोन ठेवला.

११ डिसेंबर
जर्नलला मेल लिहायला घेतला. पेपर मागे घेत आहोत, कारण... इथे अडले. "आहोत" लिहिलं होतं, ते "आहे" केलं. चूक त्याच्या नावावर लिहायची आणि उत्तर द्यायला तो नाही. न लिहिता प्रूफ पाठवलं तर कोणाला कळणारही नाही कदाचित. मेल तसाच ठेवला. मुदत उद्या संपते.
मामाजींचा फोन नाही. मीही केला नाही.
संध्याकाळी नळ आले. मोटर लावली. टाकी भरेपर्यंत जिन्यात उभी राहिले.