खडूने लिहिलेले दर

ती. ताईस,

इथूनच पाया पडतो. गुडघा कसा आहे? मी मजेत आहे, जेवण वेळेवर मिळतं.

देशाच्या नोटा छापणाऱ्या बँकेत रंगकाम मिळालंय. परवा बड्या देशाचे पाहुणे येऊन बँकेच्या मोठ्या साहेबांसोबत बंद दाराआड बसले. ते जाताच मोठे साहेब टीव्हीवर म्हणाले, महागाई आटोक्यात आहे. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

काल बँकेच्या कॅन्टीनचा फळा रंगवला. पदार्थांची नावं ऑइलपेंटने लिहिली. दर विचारले, तर मोठे साहेबच म्हणाले, "ते राहू दे, रोज खडूने लिहू."

शिलाई मशीनसाठी पैसे साठवलेस ना? आजच मशीन आण. साहेबांच्या बोलण्यावर जाऊ नकोस. त्यांच्या हातात खडू आहे.

तुझा संशयी धाकटा