रबराची रिंग

ठाकुर्ली,
११ ऑगस्ट १९९६

प्रिय दामाजी,

तुझं कार्ड मिळालं. नवं इंजिन घेतलंस आणि वायरिंगला मीच हवा म्हणतोस, हे वाचून माझी छाती फुगली. पण खाली लिहिलं आहेस की यंदा नारळी पुनवेला होडीची पूजा पुरुषांनीच करायची, मालूला मोठागावाहून बोलवायचं नाही. एकदा तिचा हात लागला नि बाबांची बोटं गेली, असं तुझं म्हणणं. ती ओळ वाचली आणि ताट सरकवून हे पत्र लिहायला बसलो. तुझ्या बहिणीविषयी मला काही सांगायचं आहे. ते त्या जुन्या इंजिनाशिवाय सांगता येत नाही, तेव्हा मुकाट्याने वाच.

एक्क्याण्णव साली लिलावातली ती बोट तू कोलशेतला आणलीस तेव्हा किती मिरवला होतास, आठवतं? बटण दाबलं की इंजिन आपोआप पाण्याबाहेर उचललं जातं, असं सांगून गावभर लोकांना किनाऱ्यावर बोलावलंस, आणि सगळ्यांसमोर ते उचललंच गेलं नाही. खाली जायचं, वर यायचं नाही. आपल्या खाडीत ओहोटीला इंजिन उचलता आलं नाही तर पंखा चिखलात गेलाच म्हणून समज. पुनवेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी अवजारांची पिशवी घेऊन आलो. बॅटरी तपासली, ठीक होती. फ्यूज ठीक. वरचं बटण दाबून कान लावला तर रिलेची, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या आतल्या स्विचची, टिक ऐकू येईना. मग 'वर'चा आणि 'खाली'चा, असे दोन्ही रिले अदलाबदल करून पाहिले. आता इंजिन वर जायला लागलं आणि खाली यायचं थांबलं, म्हणजे रिलेच गेलेला. ठाण्याहून आणलेला नवा बसवला, रिलेच्या डबीला झाकण लावलं, आणि सगुणावहिनींच्या हातचं कालवण खाऊन निघालो. तू मला इंजिनियर म्हणालास. मला ते आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालूने पूजा केली. तिचं लग्न ठरलेलं, माहेरची शेवटची पुनव. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि भावाच्या इंजिनावर सगळं पाणी मायेने ओतलं. तुमच्या आईनेही बाबांच्या जुन्या होडीवर असंच ओतलं असेल. पण त्या होडीला वायरी नव्हत्या.

पुढच्या रविवारी आपण तिघं निघालो; तू, मी आणि तुझे बाबा, गोमाजीकाका. परतताना ओहोटी जोरात होती. पाण्याचा रंग बदलला, तळ जवळ आला, तू बटण दाबलंस. टिक झाली, पण इंजिन हललं नाही. पुन्हा दाबलंस. पंख्याने चिखल उडवला, खाली कुठेतरी दगड खरवडला. तू इंजिन बंद केलंस तर प्रवाह बोट आडवी करून खडकांकडे ओढू लागला. मी डबी उघडली. आत हिरवट थर, चिकट, आंबूस वास. वायरी थेट जोडायला वेळ नव्हता. हातानं इंजिन उचलता यावं म्हणून असतो तो स्क्रू मी सैल केला, काकांनी वाकून इंजिन वर घेतलं. आधाराचा खिळा मी सरकवायचा होता. माझे डोळे अजून त्या डबीत होते. हात पोचायला उशीर झाला, इंजिन खाली आलं, आणि काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं इंजिनाच्या लोखंडी कड्यात चिरडली.

तू ओरडून विचारलंस, काय झालं. मी म्हणालो, "नारळाचं पाणी गेलंय आत."

ते खरंच होतं, दामाजी. म्हणून तर पाच वर्षं ते वाक्य मला सोडत नाही. त्या एका वाक्यावर तुम्ही मालूला अवलक्षणी ठरवलंत. लग्नानंतर ती एकदाही पुनवेला आली नाही, कारण कोणी बोलावलंच नाही. परवा ती मला मोठागावच्या बाजारात भेटली. पाटीतले बोंबील माझ्या पिशवीत कोंबले, पैसे घेईना. मग खाली बघत म्हणाली, "दादा, घरी नारळ फोडताना माज्या बाबांची बोटं आठवतात." मी बोंबलांची पिशवी उचलून चालू पडलो. घरी आलो तर तुझं कार्ड आलेलं.

आता ऐक. त्या शनिवारी झाकण बसवताना आतली रबराची रिंग फुगलेली निघाली, जागेवर बसेना. मला परतायची घाई होती, आणि तू इंजिनियर म्हणालास त्यानंतर रिंग बसत नाही हे सांगायची लाज वाटली. मी ती खिशात टाकली आणि नुसतंच झाकण आवळलं. नवी पुढच्या रविवारी आणीन म्हटलं, आणि विसरलो. रिंग असती तर मालूने दहा नारळांचं पाणी ओतलं असतं तरी थेंब आत जाता ना. बोटीवर डबी उघडली तेव्हाच मला हे कळलं होतं, म्हणून माझे डोळे तिथून हटेनात. ती रिंग याच पाकिटात घातली आहे. काकांना हे पत्र वाचून दाखव, मग रिंग तुझ्या हातांनी मालूला दे आणि तिला घेऊन ये. नव्या इंजिनावर पहिला नारळ तिचा, पाणी हवं तेवढं ओतू दे. झाकण सगळ्यांदेखत मी बसवीन, रबरासकट. मला बोटीवर पाय ठेवू द्यायचा की नाही, ते काका सांगतील.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
कुंडलिक