म्हातारीचा बूट

प्रिय वहिनी,

मुंबई बघितली एकदाची. पत्र बघून हसाल. शाळेत शंभूला चार ओळींचा निबंध जड जायचा आणि आता पान भरून लिहितोय. पण फोन केला की तुम्ही आईसाठी स्पीकर लावता, आईला तरी ऐकू येत नाही, आणि सगळी आळी ऐकते. हे एकटीनं वाचा.

सकाळी ट्रॅव्हल्सवाल्यानं दादरला उतरवलं. तोंड धुऊन गेटवेला गेलो. समुद्र फुकट, कबुतरं फुकट, बाकी सगळ्याला पैसे. बोटीत बसायचं लई मनात होतं, तिकीट ऐकून काठावरच बसलो. समोरच्या मोठ्या हॉटेलात एक चहा जेवढ्याला मिळतो, तेवढ्यात आपल्याकडं अंड्यावरची कोंबडी येते म्हणे. मला पटेना, पण आत जाऊन विचारणार कोण? पुढं एका काचेच्या दुकानात एकच चप्पल मांडलेली, तिच्यावर दिवा सोडलेला, देव्हाऱ्यातल्या टाकासारखी. मी काचेला नाक लावून उभा. वॉचमन म्हणाला, "काय पाहिजे?" म्हटलं, "दुसरी कुठाय ते बघतोय." त्यानं हाकललं, पण हसत हसत.

तिथंच तुमचे पाय आठवले. दादा न सांगता घर सोडून गेला त्या साली सोनारीला भैरवनाथापुढं तुम्ही नवस बोलला, तेव्हा मी नारळाचं ताट धरून शेजारी होतो. "माणूस जित्ता हाय एवढं कळू दे देवा, तवर पायात घालणार न्हाय." तेव्हापासून काळ्या रानात, चैताच्या डांबरावर, बाभळीच्या काट्यात तुम्ही तशाच. आई तर येईल त्याला सांगते, सून अनवाणी चालते म्हणून माझा ल्योक कुठंतरी वाचलाय.

हां, तर बेंबळीचा भागवत टेम्पो घेऊन मुंबईला येत असतो. त्यानं सांगितलं होतं, रविवारी हँगिंग गार्डनला जा, तिकीट न्हाय, झुडपं कापून हत्ती केलेत. अजून एक गोष्ट सांगितली होती. ती मी घरी बोललो नाही, फिरायला चाललो एवढंच म्हणालो. खोटी निघाली असती तर तुम्हाला उगं घोर.

हत्ती बघितले. समोरच्या बागेत म्हातारीचा बूट आहे. दगडी, घराएवढा. आत जिना, वरच्या खिडकीतून पोरं हात हलवतात. मोठ्यांना आत सोडत नाहीत. एवढा मोठा बूट आणि कुणाच्याच पायात नाही, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. बुटाच्या दाराशी एक माणूस उकिडवा बसून बारक्या पोरीच्या सँडलचा पट्टा लावत होता. आधी त्यानं तिचा तळवा हातानं झाडला, खडा टोचू नये म्हणून. त्याच्या मानेवर भाजल्याचा डाग होता. तो डाग मी लहानपणी सायकलवर मागं बसून रोज बघितलाय.

दादाच होता, वहिनी.

अंगावर ड्रायव्हरचे पांढरे कपडे, पोट सुटलेलं. मला बघून उठला. "शंभ्या, तू रं कसा?" पोरगी म्हणाली, "पप्पा, कोण हे?" तो म्हणाला, "गावाकडचे काका." कुणाचे काका ते बोलला नाही. आईचे गुडघे विचारले, बैल विचारले, बोअरचं पाणी विचारलं. मी वाट बघत होतो. शेवटी मीच म्हणालो, "दादा, वहिनी अजून अनवाणी हाय." त्यानं खाली बघितलं. पोरीचा पट्टा सुटाच राहिला होता. परत उकिडवा बसून तो लावायला लागला, आणि मान वर न करता म्हणाला, "मी दिसलोच न्हाय म्हण." पोरीनं मला तिच्या पुड्यातलं बिस्कीट दिलं. तिची जिवणी थेट आपल्या आईची आहे. मी ते खाल्लं.

बरं म्हणून निघालो. भागवतचा टेम्पो आज दादरला लागलाय, तिथंपर्यंत येताना एकच डोक्यात घोळत होतं. दिसला नाही म्हटलं तर आईची आशा राहील, त्याचा संसार राहील, आणि तुम्ही जन्मभर काटे काढत बसाल. गाव म्हणतं, नवस तो घरी येईपर्यंतचा आहे. तसं नव्हतं. परत येऊ दे, असं तुम्ही म्हणालाच नव्हता. जित्ता आहे एवढं कळू दे म्हणाला होता. जित्ता आहे, वहिनी. देवानं त्याचं काम केलं. दादरच्या फुटपाथवर तुमच्यासाठी चपला घेतल्या. दुकानदारानं नंबर विचारला, तो कुठं माहीत होता मला! सकाळच्या ओल्या सड्यावर तुमचं पाऊल उमटतं ते आठवून वीत धरून दाखवली. भागवतच्या हाती पाठवतोय. मी मात्र आत्ता येत नाही, तुमच्या तोंडाकडं बघवणार नाही. लहानमोठ्या झाल्या तरी घाला. आईनं विचारलं तर शंभूनं पाठवल्या म्हणा. का पाठवल्या, ते सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचाच,
शंभू