चिरुतेयीचा एकुलता एक मुलगा

मी, चेरुवलत दामोदरन, वय ७८, राहणार वडकरा, ‘जनकाहळम’ या आमच्या पक्षाच्या दैनिकाचा निवृत्त उपसंपादक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे. अक्षर मात्र सोमवारपासून बिघडले आहे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

१. राहते घर, विहीर आणि अंगणातले सहा नारळ माझी मुलगी षिजिना हिला. शेजारच्या नाणूने फणसाची फांदी आमच्या कौलांवर सोडली आहे. तिने ती तोडून घ्यावी. मी वीस वर्षे गोड बोलून पाहिले.

२. पुस्तके पक्षाच्या वाचनालयाला. कपाट देणार नाही. मागे दिलेल्या कपाटात ते कॅरमच्या सोंगट्या ठेवतात.

३. माझे भिंग आणि लाल पेन्सिली प्रजोषला. तो माझा चेला, मला ‘एट्टा’ म्हणजे दादा म्हणतो. निधनवार्तांच्या ज्या पानावर मी एकतीस वर्षे बसलो, ते आता तो बघतो. त्याच्यावर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण सोमवारी कचेरीत त्याच्यासमोरून मी तडक उठून आलो.

आमच्याकडे जुन्या कार्यकर्त्यांचा मृत्युलेख आधीच तयार असतो, तारीख तेवढी भरायची. प्रजोषने मोठ्या कौतुकाने माझा उघडून दाखवला. तुरुंगवास, विडी कामगारांचा संप, सगळे बरोबर. शेवटी लिहिले होते, ‘कै. चिरुतेयी यांचे एकुलते एक पुत्र.’

“अरे, मला थोरला भाऊ आहे,” मी म्हणालो. “चांगला धडधाकट आहे.”

“पण दामोदरेट्टा, आईंच्या निधनाच्या बातमीत तुमचं एकट्याचंच नाव आहे. आपल्याच पेपरात. मी त्यावरूनच घेतलं.”

१९९१ सालची ती बातमी मीच लिहिली होती. माझा थोरला भाऊ अच्युतेट्टन याला १९८९ सालीच पक्षातून काढले होते, आणि काढलेल्याचे नाव आम्ही छापत नसू. मला कोणी सांगितले नव्हते, मीही कोणाला विचारले नाही. सख्ख्या भावाला आईच्या मुलांतून काढून टाकले आणि घरी जाऊन पेज प्यायलो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलला नाही. पेपर दुसऱ्या दिवशी मासळी बांधायला जातो, लोक विसरतील, असे मी धरून चाललो होतो. उद्या कोणी तेच खरे मानून पुढे लिहील, हे माझ्या डोक्यातच आले नाही. चार दिवस झाले, मी अजून सावरलेलो नाही.

४. म्हणून माझ्या मृत्युलेखात ‘चेरुवलत अच्युतन यांचे धाकटे बंधू’ हे शब्द आले पाहिजेत. मजकूर आधी षिजिनाला दाखवावा. हे शब्द नसतील तर माझ्या देहावर पक्षाचा झेंडा घालू देऊ नये. सतराव्या वर्षापासून मी त्या झेंड्याखाली आहे. हे लिहिताना मला रडू आले, तेही लिहून ठेवतो.

५. अच्युतेट्टनला मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि मला त्याची सही हवी होती. आज सकाळी कागद घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. हे कलम त्याच्याच ओसरीवर बसून लिहीत आहे. त्याने वरचे सगळे दोनदा वाचले.

“छापतील ते?” त्याने विचारले.

“माहीत नाही, एट्टा.”

“मग इथं तरी नीट लिहितो. आण तो पेन.”

यापूर्वी मी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. हे वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली आहे.

वडकरा, शुक्रवार, १६ नोव्हेंबर २०१८

(सही) चेरुवलत दामोदरन

साक्षीदार :

१. डॉ. के. पी. सुमंगला, वय ५२. नाते : नाही.

२. चेरुवलत अच्युतन, वय ८३. नाते : सख्खा भाऊ. थोरला मी.