कुबड्यांची भोकं

बाबा,

काल जेवताना तुम्ही उकडलेल्या बटाट्यांचं भांडं माझ्यापुढे सरकवलंत आणि म्हणालात, "गुडघा होईल गं बरा, वीबके. पण यंदा माझं गवत बघ, कसं राहिलंय!"

मी भांडं तसंच परत सरकवलं.

फुटबॉल क्लबच्या मैदानाची निगा तुमच्याकडे, किल्ली तुमच्या खिशात. आम्ही मुली देशातल्या पहिल्या लीगमध्ये, पुरुषांचा संघ चौथ्या. तरी पुरुषांसाठी गवत राखायचं म्हणून वर्षभर तुम्ही फाटकावर 'मैदान बंद'ची पाटी लटकवलीत. आम्हाला सरावाला मागचं प्लास्टिकचं, दगडासारखं मैदान. "पोरींना काय, कुठंही चालतं," म्हणून वर हसलात. त्यांतली एक पोर तुमची होती ना?

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिथेच माझा गुडघा गेला. दुसऱ्या दिवशी गोलमध्ये मी नव्हते. पाच गोल खाऊन आम्ही पहिल्या लीगमधून खाली घसरलो.

आज दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा मी किल्ली घेतली. तुमच्या गवतात गोलपासून मधल्या वर्तुळापर्यंत कुबड्या रोवत गेले, रोवतच परत आले.

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही. उद्या ती भोकं बघून तुम्ही घुशींना शिव्या द्याल, गुडघे टेकून एकेक भोक बुजवाल, हळहळाल.

तुम्हाला हळहळताना मला एकदा बघायचंय.

तुमच्या संघाची नसलेली,
वीबके