चुलीवर जेवणारे : दोन

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगाला गुडघे परवानगी देत नाहीत, तेव्हा तो कागदावरच घातला असं समजावं. डोकं मात्र खरंच टेकवलं होतं, टेबलावर, कारण दुपारचे तीन वाजलेत आणि ऑफिसातला पंखा बंद आहे.) तुमची तब्येत कशी आहे? खोकला गेला का? की कुणी जा म्हणत नाही म्हणून तोही ठाण मांडून बसलाय? इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे आमच्या ऑफिसच्या भाषेत 'मध्यम'. फोन तुम्ही उचलत नाही म्हणून हे पत्र. न वाचता फाडायचं ठरवलं असेल तर एवढं तरी वाचून फाडा, की माझ्याच घराचा सर्वेक्षणाचा फॉर्म अडकलाय, तो तुमच्यापायी अडकलाय, आणि गुरुवारी तपासणीवाला दारात येईल तेव्हा तो खोटा ठरला, तर निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना तुमच्या भावजयीची नोकरी जाणार आहे.

आता पहिल्यापासून सांगते. जिल्ह्यात गरीब किती, कुठे आणि कोण, हे मोजायचं काम सध्या आमच्या डोक्यावर आहे. एकतीस वर्षं मी आकडे नुसते टाइप केले. आकडा कुठल्या घरात राहतो, काय पांघरतो, हे बघायला कधी गेले नव्हते. या वेळी माणसं कमी पडली म्हणून साहेबांनी कारकुनांनाही दारोदार पिटाळलं. (साहेबांना आम्ही पाठीमागे सरासरीसाहेब म्हणतो. त्यांना दोन मुली आहेत, एक उंच आणि एक बुटकी. दोघींना ते मधल्या मापाचे कपडे आणतात आणि दोघी रडतात, तरी यांचं समाधान होतं.) निघण्याआधी एक दिवस शिकवणी झाली. त्यात साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं.' नातं बघायचं नाही, भिंत बघायची नाही, बोलतात की अबोला आहे हे विचारायचं नाही. चूल एक तर कुटुंब एक. मी हात वर करून विचारलं, शेगडी एकच, पण तिचा एक बर्नर एकीचा आणि दुसरा दुसरीचा असेल तर? सगळे हसले. साहेब म्हणाले, बाई, असं कुणाच्या घरात असतं? मी हात खाली घेतला.

वन्सं, आपल्याकडे होतं की नाही असं? आमचे हे गेले आणि त्यानंतरही तुम्ही भावाच्या रक्तदाबाला चालेल एवढंच मीठ भाजीत घालत राहिलात. सव्वीस वर्षांची सवय, हात कसा ऐकणार. आणि मी एकदा ताट सरकवून म्हटलं, आता कुणासाठी अळणी करता? एवढंच म्हटलं. पण म्हणायला नको होतं, हे मला ताट सरकवतानाच कळलं होतं. (माझी जीभ माझ्या अकलेच्या आधी घराबाहेर पडते, हे तुम्हीच सगळ्या गावाला सांगितलं आहे.) त्या संध्याकाळपासून तुम्ही डावा बर्नर घेतलात आणि मी उजवा. पुढच्या महिन्यात तुम्ही मागच्या खोलीत वेगळी शेगडी मांडलीत आणि त्याच्या पुढच्या महिन्यात ती शेगडी उचलून पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेलात. तेव्हा मी शेजारणीला म्हटलं होतं, बरं झालं, ब्याद गेली. शेजारीण अजून कधीकधी विचारते, ब्याद कशी आहे?

असो. माझ्या वाट्याला दोन वस्त्या आल्या, एक टेकडीवरची बंगल्यांची आणि एक नाल्यापलीकडची. टेकडीवर पहिल्याच बंगल्यात मी पोचले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचलेली होती, की गरिबी मोजणारी बाई आली. दिवाणखान्यात गालिचा गुंडाळून उभा केलेला, भिंतीवरच्या चित्रांच्या जागी नुसते चौकोन, आणि मोठ्या टीव्हीवर चादर टाकलेली. घाईत तो बंद करायचा राहिला होता, त्यामुळे चादरीखालून बाजारभाव ऐकू येत होते. मालकांनी (मोठे कंत्राटदार आहेत) अगदी गरीब चेहरा करून सांगितलं, की वरच्या मजल्यावर आमच्या आई असतात, त्यांची चूल वेगळी, त्यांना उत्पन्न काही नाही, त्यांना निराधारांत घाला. म्हटलं, घालते, पण आधी बघते.

वर गेले. ऐंशीच्या पुढच्या म्हातारबाई, खुर्ची खिडकीशी लावून बसलेल्या. चूल कसली, एक विजेची किटली. जेवण खालून ताटात येतं, झाकलेलं, आणि ताट आणणारी खाली पळते. वन्सं, त्या बाईने माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीनदा दिलं. पहिल्यांदा खरं, दुसऱ्यांदा सविस्तर आणि तिसऱ्यांदा नुसतं मला बसवून ठेवायला. बावीस प्रश्न संपले तेव्हा त्यांनी विचारलं, संपलं? एवढंच? मी पान उलटलं. पाठ कोरी होती. मी त्या कोऱ्या पानावरून वाचून दाखवल्यासारखे आणखी प्रश्न विचारले. थंडीत कोपर दुखतो का, शाळेत कोणता विषय नावडता होता, भांडण झाल्यावर आधी कोण बोलायचं. दीड तास गेला. मुलाबद्दल विचारलं तर एक उसासा टाकून म्हणाल्या, "काय सांगू बाई, घरोघरी मातीच्या चुली." आणि मी, झोपेत चालावं तशी, किटलीपायी रिकामा राहिलेला प्रश्न सातवा, 'चुलीचा प्रकार', यापुढे लिहून मोकळी झाले, 'मातीची'.

या एका शब्दाने काय गोंधळ घातला ते ऐका. आमच्या हिशोबात बंगल्यांतलं एक घर दोनशे घरांच्या वतीने बोलतं. तेव्हा टेकडीवर दोनशे मातीच्या चुली झाल्या. साहेब तक्ता बघून उभेच राहिले. म्हणाले, सधन भागात एवढा धूर, आणि आपल्याला पत्ता नाही! वर पाठवायच्या टिपणात शिफारसही झाली, की टेकडीवर तातडीने गॅस पोचवावा. मी तोंड उघडायच्या आत टिपण गेलंसुद्धा. आता टेकडीला दोनशे शेगड्या फुकट मिळायच्या आहेत. (मी खुलासा लिहून दिला आहे. त्याला उत्तर आलं, की म्हणी पुढच्या सर्वेक्षणात विचारात घेऊ.)

नाल्यापलीकडे मात्र कुणी काही लपवलं नाही. लपवायला हवं ना काही. तिथे एक शिवणकाम करणारी आहे, माझ्याहून लहान पण दिसते माझी मोठी बहीण. मी विचारलं, चूल कोणती? तिने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, "कोणती ते कशाला विचारता, आज पेटली का ते विचारा." मी फॉर्म वरून खाली बघितला. त्या उत्तराला चौकट नव्हती. समासात लिहिलं, 'आज नाही.' दुसऱ्या दिवशी साहेबांनी समास खोडायला लावला, कारण समास टाइप होत नाही. त्या गल्लीत निम्म्या दारांना कुलपं होती. माणसं कामं शोधत निघून गेलेली. कुलूपबंद घर मोजायचं नाही, असा नियम आहे. आता पुढचं तुम्हीच बघा. गेल्या खेपेला जिल्ह्यात शंभरात चोवीस गरीब होते, यंदा एकवीस निघाले, आणि साहेबांनी ऑफिसात पेढे नाहीत तरी बिस्किटं वाटली. मी चार रात्री नाही, पण चार दुपारी घालवून शोधलं की ते तीन गेले कुठे. कुलपाआड गेले, वन्सं. गरिबी कमी झाली नाही, घर बंद करून बाहेरगावी गेली.

आणि सरासरी एकवीस म्हणजे काय, तर टेकडीवर शंभरात दोन आणि नाल्यापलीकडे त्रेपन्न. पण सगळ्यात मोठा आकडा या दोन्ही ठिकाणी नव्हता. तो सगळ्या जिल्ह्यात थोडाथोडा विखुरलेला होता, म्हणून कुणाच्या नजरेत आला नव्हता. ओळ अशी, 'एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, वय साठच्या वर.' त्यांत गरीब शंभरात एकसष्ट. साहेब म्हणाले, ही ओळ विचित्र दिसते, 'इतर'मध्ये मिळवून टाका. मी नाही म्हटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. माझा आवाज असा काही चढला की बाजूच्या खोलीतला शिपाई पाणी घेऊन आला. ओळ राहिली आहे, पुरवणीत, पान त्र्याण्णववर, बारीक अक्षरात. मला साठ पुरी व्हायला दीड वर्ष आहे, मग मीही त्या ओळीत जाईन. तुम्ही सात वर्षांपूर्वीच गेलात, माझ्यापुढे, नेहमीसारख्या.

तर आता माझा फॉर्म. कर्मचाऱ्यांनी आपापल्या घराचा फॉर्म आपणच भरायचा होता. परवा जेवून उठले आणि भरायला बसले. (जेवण म्हणजे काय, एकटीसाठी भाजी करायची तर कांदासुद्धा अर्धा उरतो. अर्धा कांदा दुसऱ्या दिवशी वापरायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशीही अर्धाच लागतो. असा एकच कांदा मी आठवडाभर पुरवते की काय, असं मला वाटायला लागलं आहे. बोलायला कुणी नसलं की माणूस कांद्याशी हिशोब मांडतो.) प्रश्न चौथा, 'या चुलीवर जेवणारे.' आणि हात घसरला. शाईने लिहिलं गेलं, 'दोन.' पुढे तुमचं नाव, नातं, वय, सगळं एका दमात. खोडता येत नाही. खाडाखोड केली की कारण लिहून साहेबांची सही घ्यावी लागते, आणि कारणाच्या रकान्यात मी काय लिहिणार? तुमच्याकडेही कुणीतरी गणणारा येऊन गेलाच असेल, म्हणजे सध्या तुम्ही सरकारी कागदावर एकाच वेळी दोन चुलींवर जेवता. हे कळलं तर मी गेलेच. म्हणून हात जोडून विनंती, की गुरुवारी सकाळी इथे या, तपासणीवाल्यासमोर पाटावर बसून दोन घास खा, आणि मग खुशाल परत जा. माझ्याशी बोलायला हवं असं काही नाही. फॉर्मात बोलण्याचा प्रश्न नाही.

आणि एक, हे नुसतं व्यवहाराचं. तुम्ही तिथे एकट्या, शिंप्याची काज-बटणं करून राहता, म्हणजे आमच्या नियमाने गरीब. मी इथे एकटी, पगारावर, म्हणजे गरीब नाही. आपण दोघी एका चुलीवर आलो तर माझा पगार दोघींत भागला तरी आपण गरिबीच्या रेघेच्या वरच राहतो. म्हणजे तुमच्या एका गाडीभाड्यात जिल्ह्यातला एक गरीब कमी होईल, तोही कुलूप न लावता. साहेबांना सांगितलं तर ते तुम्हाला आणायला स्वतः येतील.

हे पत्र फाइली नेणाऱ्या गाडीबरोबर धाडते आहे, उद्या हातात पडेल. चालकाला चहा विचारा, पण नुसतं विचारू नका, द्या. खोकल्याकडे लक्ष असू द्यावं.

तुमची (तुम्ही म्हणाल तेवढीच),
भावजय

ता. क. हात घसरला हे खरं नाही. आधी पेन्सिलीने 'एक' लिहिलं होतं. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले, मग रबराने पुसलं.

ता. क. दुसरा. तपासणीवालाही येणार नाहीये. तपासायच्या घरांच्या चिठ्ठ्या ऑफिसात मीच काढल्या, आणि माझं घर निघालं नाही. नोकरीबिकरी काही जात नाही. पण 'या' एवढंच लिहिलं असतं तर तुम्ही आला असतात का?

ता. क. तिसरा. हे लिहायचं नव्हतं. फॉर्म गुप्त असतात आणि मी ते गुप्तपण मोडलं आहे. तुमच्या टोकाचे गठ्ठे मागच्या आठवड्यात आले. तीन दिवस शोधून मी तुमचा फॉर्म काढला. प्रश्न एकोणीस, 'अडीअडचणीला कोण धावून येईल?' तिथे गणणाऱ्याने तुमच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवलंय, 'भावजय येईल. पण तिला कळवू नये.'

कळलंय मला. गुरुवारी तुम्ही येऊ नका, वन्सं. मीच येते आहे, पहिल्या गाडीने. सामान बांधून ठेवा.