उताराला बंद पडणारी गाडी

प्रिय दहा नंबर,

गेल्या खेपेला आलीस तेव्हा छत्री, डब्याचं झाकण आणि एक मोजा इथेच विसरून गेलीस. छत्री मी वापरते, झाकण पिठाच्या बरणीला चपखल बसलं, आणि मोज्याने मी आरसा पुसते. एका पायात मोजा घालून तू घरी कशी पोचलीस हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. एवढी विसरभोळी मुलगी लोकांच्या गाड्यांचे नटबोल्ट जागच्या जागी बसवत असेल, यावर माझा तरी विश्वास नाही. तुझे आजोबा म्हणतात बसवतेस, म्हणून गप्प बसते. दहा नंबर हे नाव तुला पाडलं तेही त्यांनीच. टॅक्सी दुरुस्त करायला घेतली की दहा नंबरचा पाना म्हणून हवा तेव्हा सापडायचा नाही, आणि जेवायला हाका मारून घसा बसला तरी तू सापडायची नाहीस. निम्म्या वेळा दोघंही टॅक्सीखालीच असायचात.

अक्षर अनोळखी दिसलं म्हणून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. आजवर माझी सगळी पत्रं आजोबांनी लिहिली. मी सांगायची, ते लिहायचे, आणि मधे मधे आपलं शहाणपण घुसडून ते माझ्या नावावर खपवायचे. हे पत्र मात्र खालच्या मजल्यावरची शिंपीण लिहिते आहे. तिचा हात मापं लिहिण्यात मुरलेला, तेव्हा ओळी कुठे आखूड झाल्या तर जरा उसवून वाच. ती हसतेय. लिही गं, हेही लिही. घरी मी सांगून आलेय की कपडे सैल करून घ्यायला जाते. हे म्हणाले, मग वेळ लागेल. बघ, जीभ अजून कशी तल्लख आहे ते. फोन का केला नाही, असं विचारशील. आपल्या घरचा फोन तुला ठाऊक आहे. वाजला की आधी हे झडप घालतात, आवाज मोठा करून टेबलावर ठेवतात, आणि मी काही बोलले की ते दुरुस्त करून तुला पुन्हा सांगतात. मला आज जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

गाडीचंच सांगायचंय. तुमच्या फोनवर दुसरा विषय असतो कुठे? चालता चालता बंद पडते, आणि मग किल्ली फिरवली तर इंजिन हूं की चूं करत नाही. तू विचारायचीस, समोरचे दिवे लागतात का? लागतात. इंजिन घरघरतं का? नाही. टिक असा तरी आवाज? तोही नाही. एकदा तू म्हणालीस, मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप असतो, तो गुणगुणतो का बघा. तर यांनी मला मागे बसवून सीटला कान लावायला सांगितलं. मी बाई तिथे आडवी, हे पुढून ओरडताहेत, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, आणि खिडकीतून शेजारीण विचारतेय, आजींना दवाखान्यात न्यायचंय का? पंप चांगला गात होता. मग तू बॅटरी म्हणालीस, नवी बॅटरी आली. मग तिच्या तारांची टोकं घासायला सांगितलीस, त्यात माझी भांड्यांची घासणी गेली. मग तो कसला रिले म्हणतात तो बदलला. शेवटी मिशीवाल्या मेकॅनिककडे गाडी ठेवली. त्याने ती दिवसभर फिरवली, बाजार उरकला, सासऱ्याला डॉक्टरकडे नेऊन आणलं. एकदाही बंद पडली नाही. काका, गाडी फर्स्टक्लास आहे, म्हणाला. त्याचा यांना इतका राग आला की अजून त्याला मिशी एवढंच म्हणतात.

मी कधी बरोबर नसायची, पण हे सांगतात ते असं: रस्त्यात बंद पडली की हे खाली उतरतात, बॉनेट उघडून एखादी वायर हलवतात, पुन्हा येऊन बसतात आणि गाडी सुरू होते. कधी लाल वायर, कधी काळी, कधी नुसतीच फुंकर. आणि तुला फोन, की सापडलं बरं का, तांबड्या वायरीतच गोम होती. मला वाटायचं, म्हाताऱ्याने नातीशी बोलायला निमित्त काढलंय. कधी कधी त्यांच्या तोंडावरही म्हणायची, बनवताय तुम्ही; पण मनात म्हणायची, काढू दे. तुझा फोन ठेवल्यावर ते जेवतातही नीट, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायलाही विसरतात.

पण मागच्या रविवारी तू म्हणालीस, आता गाडी इकडेच घेऊन या आजोबा, मीच बघते. तू प्रेमाने बोललीस, ते मला कळलं. पण त्या दिवसापासून त्यांच्या अंगात वारं शिरलंय. गाडी धुतात, टायरांना लाथा मारून बघतात, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात. महिनाअखेरीला घाटातून तुझ्याकडे यायचं ठरलंय. मी म्हटलं, घाटात जायच्या आधी मला बाजारात तरी नेऊन आणा, बघू तुमची लाडकी कशी पळते.

आता इथे मला जरा मागचं सांगू दे. ती जुनी टॅक्सी तुला आठवते, पण तिच्यात तू बसायचीस तेव्हा ती म्हातारी होऊन मवाळ झाली होती. आमच्या तरुणपणी तिच्या इंजिनाचा गोंगाट असा, की चढाला आम्ही नुसते हातवारे करायचो. उतार लागला की हे किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे. पेट्रोल वाचायचं, सगळेच टॅक्सीवाले करायचे. गाडी आपली गुमान घरंगळायची आणि तेवढ्यात आमचं बोलणं व्हायचं. संसारातल्या निम्म्या गोष्टी आम्ही उतारावर ठरवल्या. तुझ्या आईचं नाव ठरलं ते उतारावर, आणि तान्ही असताना ती माझ्या मांडीवर झोपायची तीही उतारावरच. कुणाकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही, तेही. खाली पोचेपर्यंत ठरलं नाही तर पुढच्या उतारापर्यंत राहायचं. तळाला यांनी क्लच सोडला की गाडी हिसका देऊन जागी व्हायची आणि आमची तोंडं बंद.

तर बाजारात निघालो. पाण्याची टाकी ओलांडली, उतार लागला, आणि यांचा हात किल्लीकडे गेला. विचार न करता गेला, खोलीतून बाहेर पडताना आपला दिव्याच्या बटणाकडे जातो तसा. इंजिन थांबलं. सगळं शांत झालं. मी म्हणणार होते, अहो, हे काय करताय? तेवढ्यात यांनी माझ्या मांडीकडे पाहिलं आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं, झोपली का गं?

माझ्या मांडीवर बाजाराची पिशवी होती. रिकामी.

मी म्हटलं, झोपली. दुसरं काय म्हणणार होते? मग हळू घेतो, म्हणाले, आणि हसले. ते हसू मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं, पोरी. क्षणभर मलाच वाटलं, राहू दे असंच, हा उतार संपू नये. पण उतार संपतोच, आणि आजकाल खाली चौक आहे. या नव्या गाडीचं इंजिन बंद असलं की ब्रेकही जड होतो; यांनी दाबला तर तो दगडासारखा घट्ट. स्टिअरिंगही हातात वळेना. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईने आपल्या पोराला दंडाला धरून मागे खेचलं. गाडी फुटपाथच्या कडेला घासून उभी राहिली. मागून हॉर्नवर हॉर्न. आणि हे माझ्याकडे वळून म्हणतात, बघितलंस? पुन्हा बंद पडली! तू म्हणायचीस ना, मी बनवतो म्हणून?

तोंडावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. किल्लीचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. फिरवली, दिवे लागले, इंजिन गप्प. क्लचची गाडी असती तर कशीतरी उठली असती. पण यांचा गुडघा कामातून गेल्यावर ही बिनक्लचची घेतली, तेव्हा तूच मला शिकवलं होतंस: आजी, हा दांडा पार पुढे सारला की गाडी निजली, आणि निजलेल्या गाडीलाच उठवता येतं. दांडा मागेच होता. हे बॉनेटचा खटका चाचपत खाली वाकले, तेवढ्यात मी तो पुढे सारला आणि म्हटलं, एकदा माझ्यासाठी फिरवून बघा. एका फटक्यात सुरू झाली. इतके खूश झाले! म्हणाले, तुझा पायगुण! मग मला कळलं, एरवी बॉनेट उघडायला उतरताना सवयीने तेच दांडा पुढे सारत असणार, आणि श्रेय त्या वायरींना जात असणार. घरी येऊन माणूस पुन्हा अगदी नीट. चहा केला, माझ्या चहातली साखरही चुकली नाही.

तेव्हा तुझं काही चुकलं नाही. जे त्यांना दिसलं तेच त्यांनी तुला सांगितलं, आणि त्यावरून तू बरोबरच शोधत होतीस. तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती रडत येईल, किल्ली हिसकावून घेईल आणि त्यांच्या तोंडावर सांगेल की दोष गाडीत नाही, तुमच्यात आहे. सांगायला हवं ते तिला, डॉक्टरांनाही. डॉक्टरांकडे मी त्यांना माझ्या गुडघ्याच्या नावाने घेऊन जाणार आहे, बसने. पण त्याआधी घाट टळला पाहिजे, आणि मी थांब म्हटलं तर ते मुद्दाम निघतील. आयुष्यभराची रीत आहे ती. गाडीच्या बाबतीत ते जगात एकाच माणसाचं ऐकतात. म्हणून हे पत्र. रविवारी फोन कर आणि खोटं बोल. माझी नात असशील तर नीट बोलशील. त्यांना सांग, आता मला रोग कळला, गिअरच्या पेटीत आतला भाग झिजलाय, असा झिजला की गाडी जागची हलवायची नाही, आणि तो भाग मिळत नाही. मी येईपर्यंत हात लावायचा नाही. जरा दरडाव, तूच दरडावलेलं त्यांना आवडतं. दोष गाडीच्या माथी राहू दे. ती बिचारी सोसेल. आणि मग लवकर ये, बघायला म्हणून ये, चार दिवस ती पेटी खोलून बसा दोघं अंगणात, काही बसवायची घाई करू नकोस. त्यांच्या हातांना मात्र रिकामं राहवणार नाही, तेव्हा येशील तेव्हा भाजलेल्या शेंगा भरपूर आण, आणि त्याआधी कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठव. सालासकट. सोललेले दाणे पाठवलेस तर परत करीन. ते सोलतील, मी खाईन.

तुझीच,
आजी